होक्काइदोचे वसाहतीकरण

जपानच्या चार मोठ्या बेटांपैकी उत्तरेकडचे होक्काइदो १८६९ मध्ये मेइजी सरकारने (शोगुनांची राजवट जाऊन सम्राटाच्या नावाने आलेल्या नव्या सरकारने) थेट आपल्या कारभाराखाली घेतले. पुढच्या तीस वर्षांत तिथल्या मूळ रहिवाशांची, म्हणजे आइनू लोकांची, जमीन, नदी आणि शिकार त्यांच्या हातून गेली. जपानी भाषेत या काळाला ‘काइताकु’ म्हणतात, म्हणजे रान मोडून जमीन लागवडीखाली आणणे. ‘वसाहत’ हा शब्द तैवान (१८९५) आणि कोरिया (१९१०) यांच्यासाठी ठेवलेला असतो. ते दोन्ही १९४५ मध्ये सुटले, होक्काइदो राहिले. फरक मुख्यतः एवढाच.

त्याआधी या मुलखाला ‘एझो’ म्हणत. दक्षिणेच्या टोकाला मात्सुमाए हे छोटे संस्थान होते आणि त्याचे पोट आइनूंशी होणाऱ्या व्यापारावर चाले. हा व्यापार कसा होता हे १६६९ आणि १७८९ च्या आइनू उठावांवरून कळते. पण मुलूख आइनूंचा, ही गोष्ट तोवर कोणी नाकारत नव्हते. रशिया होक्काइदोच्या उत्तरेकडच्या सखालिन बेटामार्गे खाली सरकू लागल्यावर नव्या सरकारला घाई झाली. काइताकुशी नावाचे विकासखाते उघडले आणि बेटाला ‘होक्काइदो’ हे नवे नाव दिले. ते सुचवणारे मात्सुउरा ताकेशिरो हे आइनू वाटाड्यांबरोबर हे बेट पायी फिरलेले संशोधक. त्यांनीही आइनूंचा होणारा छळ पाहून उद्वेगाने वर्षभरात या खात्यातली नोकरी सोडली. गावांची नावे मात्र आइनूच राहिली. साप्पोरो, वाक्कानाइ, नोबोरिबेत्सु ही सारी आइनू भाषेतली असून ‘नाइ’ आणि ‘बेत्सु’ म्हणजे ओढा, नदी.

सल्लागार म्हणून अमेरिकेचे कृषी आयुक्त होरेस केप्रन १८७१ मध्ये आले. पूर्वी टेक्सासमधल्या मूळ जमातींना हलवण्याचे सरकारी काम त्यांनी केले होते. त्यांच्या काळात नवी बियाणी, गुरे आणि अवजारे आली. १८७६ मध्ये साप्पोरोचे कृषी महाविद्यालय निघाले आणि त्याच वर्षी सरकारी बिअर कारखानाही. १८७४ पासून ‘तोंदेनहेइ’ वसवण्याची योजना सुरू झाली. हे हाती नांगर आणि खांद्याला बंदूक असलेले शेतकरी-शिपाई. संस्थाने गेल्याने बेकार झालेल्या सामुराइंची ही सोय होती. रस्ते आणि कोळशाच्या खाणी यांसाठी कैदी राबवले गेले. आधुनिकतेची किंमत इथे गरीब जपान्यांनीही मोजली, हे विसरू नये.

आइनूंवर हा सगळा भार कसा पडला हे माशावरून नीट समजते. सॅमनला आइनू ‘कामुय चेप’, म्हणजे देवाचा मासा, म्हणतात. शरद ऋतूत तो समुद्रातून नदीत चढतो. ‘मारेक’ नावाच्या आकड्याच्या भाल्याने तो धरायचा, चुलीवर टांगून सुकवायचा आणि त्याच्या कातड्याचे जोडेही शिवायचे. काइताकुशीने १८७७ मध्ये इशिकारी इथे सॅमन डबाबंद करण्याचा कारखाना काढला आणि त्याच सुमारास, माशांची पैदास जपण्याच्या नावाखाली, नद्यांमधली पारंपरिक मासेमारी एकामागून एक बंद केली. वर्षाची बेगमी भरणारा माणूस कायद्याच्या भाषेत चोर ठरला. हरणांचेही तेच झाले. बचनागाचे विष लावलेल्या बाणांवर १८७६ मध्ये बंदी आली, हरणाच्या मांसाच्या डब्यांचा कारखाना निघाला आणि १८७९ च्या भयंकर हिवाळ्यात कळपच्या कळप मेले. आइनू वस्त्यांत उपासमार झाली.

जमिनीचा हिशेब तर आकड्यांतच दिसतो. आइनूंकडे कागद नव्हता, म्हणून त्यांच्या जमिनी सरकारजमा झाल्या. १८९७ च्या कायद्याने जपानी वसाहतकऱ्याला लागवडीसाठी १५ लाख त्सुबोंपर्यंत (सुमारे ५०० हेक्टर) जमीन फुकट मिळू शके. १८९९ च्या ‘माजी आदिवासी संरक्षण कायद्या’ने आइनू कुटुंबाला दिली ती १५ हजार त्सुबोंपर्यंत, तीही पंधरा वर्षांत लागवडीखाली आली नाही तर परत जाणारी. चांगल्या जमिनी तोवर वाटून झाल्या होत्या. याच कायद्याखाली आइनू मुलांसाठी वेगळ्या शाळा निघाल्या. तिथे शिकवणे जपानीतून आणि इतिहास-भूगोल वगळून.

सखालिनच्या आइनूंची कथा आणखी वाईट. १८७५ च्या तहाने सखालिन रशियाला गेल्यावर ८४१ जणांना होक्काइदोत आणून शेतीला लावले. पुढच्या दशकात पटकी आणि देवीने त्यांतले तीनशेहून अधिक दगावले.

इथे तयार झालेली माणसे आणि पद्धती पुढे समुद्रापार गेल्या. साप्पोरोचे पदवीधर नितोबे इनाझो १९०१ मध्ये तैवानात ऊस-साखरेची घडी बसवायला गेले आणि नंतर तोक्योच्या विद्यापीठात ‘वसाहत धोरण’ हाच विषय शिकवू लागले. तोंदेनहेइंमधून उभी राहिलेली लष्कराची सातवी डिव्हिजन १९०४-०५ च्या युद्धात रशियाविरुद्ध मांचुरियातल्या पोर्ट आर्थर बंदरावर लढली. त्या युद्धातल्या विजयाने आपल्याकडे, महाराष्ट्रातही, जपानचे मोठे कौतुक झाले. ते युद्ध सुरू होण्याच्या आदल्या वर्षी, १९०३ मध्ये, ओसाकाच्या औद्योगिक प्रदर्शनाबाहेर एका मंडपात आइनू, तैवानी आदिवासी, ओकिनावाच्या (जपानच्या दक्षिण टोकाच्या बेटांवरच्या) स्त्रिया आणि काही भारतीयही ‘पाहण्यासाठी’ बसवले होते. ओकिनावाच्या वृत्तपत्राने निषेध केला, पण तक्रार अशी, की आम्हाला आइनूंच्या रांगेत का बसवता?

१८९९ चा कायदा १९९७ मध्ये रद्द झाला. त्याच वर्षी आइनूंच्या जमिनीवर बांधलेल्या निबुतानी धरणाच्या खटल्यात साप्पोरो जिल्हा न्यायालयाने आइनूंना मूळ निवासी मानले आणि २०१९ च्या कायद्यातही ती मान्यता आली. नदीतला सॅमन मात्र आजही परवानगी काढून, धार्मिक विधींपुरताच धरता येतो. हा हक्क परत मिळावा म्हणून होक्काइदोतल्या उराहोरो इथल्या आइनू गटाने भरलेला दावा त्याच न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये फेटाळला.