उद्यम नोंदणीला पैसे लागत नाहीत

‘उद्यम’ म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची केंद्र सरकारकडची ऑनलाइन नोंदणी. ‘उद्यम सर्टिफिकेट काढायला दोन-तीन हजार लागतात, दरवर्षी रिन्यू करावं लागतं’ हे गेली काही वर्षं ऐकू येतं. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत.

१ जुलै २०२० पासून सुरू असलेली ही नोंदणी पूर्ण मोफत आहे. आधार, पॅन आणि बँक खात्याचा तपशील हाताशी ठेवा. कागदपत्रं अपलोड करावी लागत नाहीत. नूतनीकरण नाही, फक्त माहिती अद्ययावत ठेवायची. हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या खासगी वेबसाइटवर मात्र फी मागतात, म्हणून पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना, ते आधी पाहा. फॉर्म भरून देणाऱ्याने मेहनताना घेतला तर तो त्याचा, सरकारची फी नव्हे.

खरा फायदा मात्र फार कमी जणांना माहीत असतो. सूक्ष्म किंवा लघु उत्पादक अथवा सेवा देणारे असाल, तर ग्राहक कंपनीने लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यायलाच हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या (ती बँकांना कर्ज देण्यासाठी जाहीर करते तो दर) तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाच्या पोर्टलवर करता येते. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना हे संरक्षण नाही. त्यांना उद्यमचा उपयोग बँकेच्या प्राधान्य क्षेत्र कर्जापुरता, म्हणजे ठरावीक क्षेत्रांना बँकांनी प्राधान्याने द्यायच्या कर्जापुरता.