रोगराई घेऊन जा गे मारबत : नागपूरच्या साथी आणि इथलं हवापाणी

कोरोनाचा विषय निघाला की अजूनही कोणीतरी म्हणतंच, बाकी काही म्हणा पण लॉकडाऊनमधे निसर्गानं मोकळा श्वास घेतला. जालंधरहून धौलाधारचे डोंगर दिसले ते फोटो आपल्या सगळ्यांच्या फॅमिली ग्रुपवर येऊन गेले. खोटे नव्हते ते. एप्रिल २०२० च्या सुरुवातीला जगाचं रोजचं कार्बन उत्सर्जन आदल्या वर्षापेक्षा १७ टक्क्यांपर्यंत खाली गेलं होतं, पण अख्ख्या वर्षाचा हिशोब केला तर घट ५-६ टक्क्यांची, २०२१ मधे बहुतेक सगळी भरून निघाली, आणि हवेत साठलेला कार्बन डायऑक्साइड तर त्या काळातही वाढतच होता. म्हणजे दोन महिन्यांची सुट्टी. नागपुरापुरतं बोलायचं तर साथ आणि हवापाणी यांचं नातं दीडशे वर्षं जुनं आहे, आणि ते बरेचदा उलट्या बाजूनं चालतं: आधी पाणी, धान्य, घरं बिघडतात, मग साथ हातपाय पसरते.

आपली मारबतच बघा नं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे वाईटाचे मोठाले बाईच्या रूपातले पुतळे, मिरवणुकीनं निघतात, काळी १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून असं सांगतात, सोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, आणि सगळा इतवारी-महाल ओरडत असतो, ईडा पिडा, खासी खोकला, रोगराई घेऊन जा गे मारबत! काळी मारबत भोसले घराण्यातल्या बाकाबाईची, इंग्रजांना सामील झाल्याचा राग त्यात आहे हे खरं, पण तिथी कोणती ते पण बघा. श्रावण अमावास्या झाली की लगेच, म्हणजे भर पावसाळा, डबकी भरलेली, विहिरींचं पाणी गढूळ, घराघरात ताप. लोकांना कॅलेंडर बरोबर माहीत होतं. आणि गंमत अशी (गंमत कसली म्हणा) की २०२० मधे, जेव्हा रोगराई खरंच दारात होती आणि पुढच्याच महिन्यात, सप्टेंबरमधे, पहिल्या लाटेचा कहर झाला, त्याच वर्षी गर्दी नको म्हणून मारबतीची मिरवणूक निघाली नाही.

प्लेग मुंबईत १८९६ ला आला आणि रेल्वेनं, धान्याच्या पोत्यांसोबत, आत सरकत गेला. उंदीर, पिसवा आणि दाटीवाटीची घरं. डॉ. हेडगेवारांचे आईवडील १९०२ मधे नागपुरात प्लेगनंच गेले हे इथे पुष्कळांना माहीत असतं. लोक घरं सोडून गावाबाहेर शेतात झोपड्या टाकून राहायचे, आपण ज्याला आयसोलेशन म्हणालो ते त्यांनी असंच केलं. सरकारनं १८९७ ला साथरोग कायदा आणला, १३ मार्च २०२० ला महाराष्ट्रानं लागू केला तो हाच, सव्वाशे वर्षांचा म्हातारा. पण प्लेगनं एक काम केलं, शहराच्या रचनेकडे सरकारला बघायला लावलं. मुंबईत १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला, गल्ल्या रुंद करा, हवा येऊ द्या, मोऱ्या बांधा अशा कामांसाठी. त्याच घराण्यातली आपली नासुप्र, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यास, तिचा कायदा १९३६ चा. आज नासुप्र म्हटलं की गुंठेवारी आणि आरएलच्या, म्हणजे प्लॉट नियमित करून घ्यायच्या पत्राच्या, चकरा आठवतात, मुळाशी साथीची भीती होती हे कोणाच्या डोक्यात पण येत नाही.

१९१८ चा इन्फ्लुएंझा मात्र सगळ्यात भयंकर, आणि आपल्याकडे त्याची आठवणच उरली नाही याचं मला नेहमी नवल वाटतं. जूनमधे मुंबई बंदरात आला, पहिली लाट सौम्य, मग सप्टेंबर-ऑक्टोबरमधे जी आली तिनं मध्य प्रांत आणि वऱ्हाड अक्षरशः झोडपून काढला, देशात सगळ्यात जास्त मार बसलेल्या भागांपैकी हा एक. भारतात एकूण सव्वा ते दोन कोटी माणसं गेली असा अंदाज आहे. का एवढी? तर त्या वर्षी पाऊसच दगा देऊन गेला होता. पीक नाही, चारा नाही, महायुद्धानं भाव चढलेले, अर्धपोटी माणसं, आणि त्यात हा ताप. बायका पुरुषांपेक्षा जास्त मेल्या, कारण आजाऱ्याची सेवा त्यांच्याकडे आणि जेवण सगळ्यात शेवटी. ठिकठिकाणी सरणाला लाकूड पुरेना. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांपेक्षा किंचित कमी भरली, जनगणनेच्या इतिहासात असं हे एकदाच झालं. नुसत्या विषाणूनं एवढं झालं नसतं, दुष्काळानं त्याच्यासाठी रस्ता करून ठेवला होता.

पुढे स्वातंत्र्यानंतर दिल्लीत १९५५-५६ ला काविळीची प्रचंड साथ आली, यमुनेत सोडलेलं सांडपाणी उलटं पाणी उचलायच्या जागेपर्यंत पोचलं म्हणून. त्यानंतर १९५८ मधे नागपुरात वर्धा रोडवर एक केंद्रीय संस्था सुरू झाली, काम काय तर पाणीपुरवठा, सांडपाणी, आरोग्य अभियांत्रिकी. तीच १९७४ पासून आपली नीरी, राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था. मग २०२१ च्या मे महिन्यात नीरीनं मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांची आरटीपीसीआर टेस्ट काढली, त्यात नवल काहीच नाही. नाकात काडी घालायची नाही, पंधरा सेकंद गुळणी करायची, ट्यूबमधे थुंकायचं, तीन तासांत रिपोर्ट. आयसीएमआरनं मान्यता दिली. नाकातल्या काडीनं डोळ्यातून पाणी येतं ते ज्यानं अनुभवलंय त्यालाच याची किंमत.

आता २०२० चं नागपूर. ११ मार्चला इथला पहिला रुग्ण, मग सतरंजीपुरा, मोमिनपुरा सील. दाटीच्या वस्त्याच पहिल्यांदा, प्लेगच्या वेळचाच नकाशा जणू. गाड्या आणि बांधकामं थांबली तेव्हा धूळ-धूर कमी झाला, पण कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या चिमण्या काही बंद झाल्या नाहीत, मागणी घटली तरी वीज लागतेच, आणि वीज म्हणजे कोळसा, कोळसा म्हणजे राख. ती राख कुठे जात नाही, २०२२ च्या जुलैत कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला तेव्हा सगळ्यांनी पाहिलीच.

त्यात उन्हाळा. मे संपता संपता नवतपा, उन्हाळ्यातले ते सगळ्यात कडक नऊ दिवस, लागला आणि पारा ४७ पर्यंत. आमच्या मोहल्ल्यात त्या उन्हाळ्यात अर्ध्या घरांचे कूलर धड नव्हते, दरवर्षी मार्चमधे नवीन खस लावून घ्यायची, पंप बदलायचा, आणि नेमकी तेव्हाच दुकानं बंद. लोक जुन्याच काळ्या पडलेल्या खसवर मगानं पाणी मारत बसायचे. आम्ही निदान सावलीत तरी होतो. नागपूर देशाच्या मध्यात म्हणून आपण झिरो माइलचा अभिमान बाळगतो, त्या मध्यातूनच हैदराबादकडून उत्तरेला आणि मुंबई-पुण्याकडून छत्तीसगड, झारखंडला चाललेले मजूर पायी गेले. वर्धा रोडवर पांजरीच्या टोल नाक्याला लोकांनी जेवण, पाणी, चपला वाटल्या. डांबर तापलेलं असताना माणसाला आधी चप्पल लागते, जेवण नंतर. कळमन्याच्या बाजारात येणारा मृग बहाराचा संत्रा पण त्याच दिवसांत अडकला.

दुसरी लाट २०२१ ची, मेडिकल आणि मेयो या सरकारी दवाखान्यांबाहेरच्या रांगा, ऑक्सिजनसाठी फोनवर फोन, त्यावर जास्त लिहीत नाही, ज्यांच्या घरात झालं त्यांना सांगायला नको. पण तिच्या मागून आलेले दोन आजार बघा. काळी बुरशी, म्युकर. ती बुरशी मातीत, हवेत एरवीही असते, पण शुगर असलेल्या माणसाला स्टेरॉइड दिले की शुगर अजून चढते, प्रतिकार खाली येतो, मग ती नाकातून डोळ्यापर्यंत जाते. राज्यात सगळ्यात जास्त रुग्ण असलेल्या जिल्ह्यांमधे नागपूर होतं. आणि पावसाळ्यात डेंगू, जोरात. मनपाची माणसं घरोघर कूलर उलटे करत फिरत होती, कारण काढून न ठेवलेल्या कूलरच्या टाकीतच अळ्या. म्हणजे आमचा उन्हाळ्यातला जीव वाचवणाराच पावसाळ्यात वैरी.

कचऱ्याचं तर बोलायलाच नको, मास्क, पीपीई किट, पिवळ्या पिशव्या, नाग नदीच्या काठाला मास्क लटकलेले मी स्वतः पाहिलेत. आणि मनाचं? जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मधे सांगितलं की महामारीच्या पहिल्याच वर्षात चिंता आणि नैराश्य जगभरात २५ टक्क्यांनी वाढलं. नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ चं आहे, त्याचं नाव आजही लोक हळू आवाजात किंवा जोक म्हणूनच घेतात, त्यामुळे इथे किती जण गप्प बसून राहिले ते कोणत्या रजिस्टरला येणार.

११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाच्या पहिल्या टप्प्याचं उद्घाटन झालं, मेट्रो, एम्स, वंदे भारत, सगळं एकाच दिवशी. सगळ्या शहराला समृद्धी आठवते. त्याच कार्यक्रमात नागपूरला राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पण पायाभरणी झाली, माणसाचं, जनावरांचं आणि निसर्गाचं आरोग्य एकत्र बघणारी. त्याची बातमी वाचलेला माणूस मला अजून भेटायचाय. गरज आहे की नाही ते पुढच्या दोन वर्षांतच दिसलं. मार्च २०२४ मधे इथल्या सरकारी हॅचरीत बर्ड फ्लू निघाला, हजारो कोंबड्या माराव्या लागल्या. आणि डिसेंबरमधे गोरेवाड्याच्या रेस्क्यू सेंटरमधे तीन वाघ आणि एक बिबट मेला, तपासणीत एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचाच विषाणू, निघाला, कोंबडीच्या मांसातून आला असावा असा संशय.