दोन ग्राफिक्स कार्डं लावून गेम दुप्पट पळतो का?

एनव्हिडिया कंपनीचं जीटीएक्स १०८० टीआय हे २०१७ सालचं ग्राफिक्स कार्ड आता सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळतं. ज्याच्याकडे ते आधीपासून आहे, त्याच्या मनात हमखास येतं की तसंच आणखी एक आणून शेजारी बसवावं. मदरबोर्डवर दुसरा लांब स्लॉट रिकामाच असतो आणि कार्डाच्या वरच्या कडेला दोन कार्डं जोडणारा ब्रिज लावायचे सोनेरी दातेही असतात. कंपनीने सोय दिली आहे म्हणजे उपयोग असणारच, हा तर्क काही वेडगळ नाही. फक्त त्याला उशीर झाला आहे.

एके काळी जोडी खरंच कामाची होती. १९९८ साली थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू २ या कार्डांपैकी एक कार्ड पडद्यावरच्या सम ओळी रंगवायचं, दुसरं विषम. या जोडीला ‘एसएलआय’ म्हणत. एकटं कार्ड ८०० बाय ६०० रिझोल्यूशनपर्यंत जायचं, जोडी १०२४ बाय ७६८ पर्यंत. पुढे ही कंपनी बुडाली, तिचं तंत्रज्ञान एनव्हिडियाने घेतलं आणि २००४ मध्ये ‘एसएलआय’ हे नाव पुन्हा बाजारात आणलं. एटीआय या प्रतिस्पर्धी कंपनीने (ती पुढे एएमडीत गेली) वर्षभरात तशीच ‘क्रॉसफायर’ ही सोय काढली. पण ओळींची वाटणी मागे पडली होती. नवी रीत अशी, की एक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एक अख्खं चित्र, पहिल्या कार्डाने काढायची, पुढची दुसऱ्याने, त्यापुढची परत पहिल्याने.

इथेच पहिली गोम आहे. दोन तव्यांवर भाकऱ्या टाकल्या तर तासाभरात दुप्पट होतात, पण एक भाकरी भाजायला वेळ तेवढाच लागतो. फ्रेमचंही तसंच. माउस हलवल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा उशीर दुसऱ्या कार्डामुळे फारसा कमी होत नाही, कारण ती फ्रेम कोणत्या तरी एकाच कार्डावर अथपासून इतिपर्यंत तयार होत असते. आकडा साठ दिसतो, हाताला मात्र तिशीच जाणवते.

दुसरी गोम फ्रेम येण्याच्या तालाची. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदाला एक. आता समजा, दोन कार्डांचा ताल बिघडला आणि एक फ्रेम ५ मिलिसेकंदांत आली, पुढची २८.४ मिलिसेकंदांनी, मग परत ५. सरासरी काढा, बरोबर ६० भरते. डोळ्याला मात्र ती मोठी फटच दिसते आणि गेम ३५ फ्रेमवर चालल्यासारखा वाटतो. याला मायक्रोस्टटर म्हणतात. कित्येक वर्षं परीक्षणांत फक्त सरासरी फ्रेम छापली जायची, त्यामुळे आलेख सुंदर आणि खेळणारा वैतागलेला, अशी गंमत चालू होती. एकेका फ्रेमचा वेळ मोजायची पद्धत रुजली तेव्हा हे उघडं पडलं, आणि २०१३ मध्ये एएमडीला ताल सुधारणारा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) आणावा लागला.

तरीही हे सगळं ड्रायव्हरने सावरता आलं असतं. जोडीचा खरा घात गेम रंगवण्याची पद्धत बदलल्याने झाला. आजचे गेम कडा गुळगुळीत करायला, सावल्या आणि प्रतिबिंबं स्थिर ठेवायला मागच्या फ्रेमची माहिती वापरतात. डीएलएसएससारखं तंत्र तर मागच्या फ्रेम साठवूनच चित्र मोठं करतं. आता मागची फ्रेम शेजारच्या कार्डात असेल तर ती आणायची कुठून? १०८० टीआयची स्वतःची मेमरी सेकंदाला ४८४ गिगाबाइट देते. दोन कार्डं लावली की साध्या मदरबोर्डवर प्रत्येकाच्या वाट्याला पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे कार्डापर्यंत माहिती नेणाऱ्या मार्गाच्या, आठच लेन येतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ गिगाबाइट. ही तफावत झाली ती झालीच, त्यात एक फ्रेम पुरी होईपर्यंत दुसरं कार्ड ताटकळत बसतं. मग दोन असून काय उपयोग?

मेमरीची बेरीजही होत नाही. टेक्स्चर, म्हणजे गेममधल्या वस्तूंवर चढवायची चित्रं, दोन्ही कार्डांत सारखेच भरावे लागतात, त्यामुळे ११ अधिक ११ बरोबर ११ गिगाबाइटच.

‘कंपन्यांनी महाग कार्डं खपवण्यासाठी एसएलआय मारलं’ असं बरेच जण म्हणतात. त्यांचा धंद्याचा विचार नसेल असं मी म्हणणार नाही, पण मला हे कारण अपुरं वाटतं. २०१५ मध्ये डायरेक्टएक्स १२ ने (गेम आणि कार्ड यांच्यातला विंडोजचा दुवा) कार्डांत काम वाटण्याची मोकळीक थेट गेम बनवणाऱ्यांना दिली. मूठभर गेम सोडले तर कोणी फिरकलं नाही. दोन कार्डंवाले गिऱ्हाईक असतात किती? २०२१ पासून एनव्हिडियाने नवे एसएलआय प्रोफाइल, म्हणजे एकेका गेमसाठी जोडी चालवायच्या ड्रायव्हरमधल्या सूचना, देणं थांबवलं. आरटीएक्स ३०९० वर जोडणी उरली होती, ४०९० वर तीही गेली.

तेव्हा १०८० टीआयच्या जोडीचा हिशेब असा: कार्डांचीच वीज ५०० वॅट, म्हणजे पॉवर सप्लाय मोठा हवा, आणि विदर्भातल्या मे महिन्यात ती सगळी उष्णता खोलीतच राहणार. समोर आरटीएक्स ४०७० आहे, २०० वॅट आणि १२ गिगाबाइट. शिवाय ‘डूम: द डार्क एजेस’सारखे गेम रे ट्रेसिंगचं (प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र रंगवण्याचं) हार्डवेअर असल्याशिवाय चालतच नाहीत. १०८० टीआयमध्ये ते नाही, मग दोन लावा नाहीतर चार. जुनं विकून, वर पैसे घालून एकच बरं कार्ड घ्यावं, यात मला तरी दुमत दिसत नाही.

एक पळवाट हल्ली निघाली आहे. ‘लॉसलेस स्केलिंग’ या सॉफ्टवेअरमध्ये मुख्य कार्ड गेम रंगवतं आणि दुसरं, अगदी वेगळ्या कंपनीचं असलं तरी, मधल्या कृत्रिम फ्रेम तयार करतं. मॉनिटर दुसऱ्या कार्डाला जोडायचा. हालचाल मऊ दिसते. उशीर कमी होत नाही. घरात जुनं कार्ड धूळ खात असेल तर करून बघायला हरकत नाही, त्यासाठी मुद्दाम विकत घेऊ नये.

गेम सोडून दुसरं काम असेल तर गोष्ट वेगळी. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ॲनिमेशन रेंडर करताना एक कार्ड एक फ्रेम, दुसरं दुसरी, असं काम बिनधास्त वाटता येतं, कोणी कोणाची वाट बघत नाही. घरच्या संगणकावर भाषेची मोठी एआय मॉडेल चालवणारे तर २४ गिगाबाइटची दोन ३०९० कार्डं मुद्दाम शोधतात. मॉडेलचे अर्धे थर एका कार्डात, अर्धे दुसऱ्यात ठेवले की मधून पुढे सरकवायची माहिती थोडीच असते, आणि तिथे २४ अधिक २४ खरोखरच ४८ होतात.