विठ्ठलभाई पटेल

पटेल, विठ्ठलभाई झवेरभाई : (२७ सप्टेंबर १८७३ – २२ ऑक्टोबर १९३३). मुंबई इलाख्यातील बॅरिस्टर, मुंबई कायदेकौन्सिलचे सभासद, ‘पटेल कायदा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९१८च्या प्राथमिक शिक्षण कायद्याचे जनक आणि मध्यवर्ती कायदेमंडळाचे पहिले निर्वाचित भारतीय अध्यक्ष. सरदार वल्लभभाई पटेल हे त्यांचे धाकटे भाऊ.

घराणे खेडा जिल्ह्यातील करमसदचे, शेतकरी पाटीदारांचे. प्लीडरची (जिल्हा न्यायालयातील वकिलाची) परीक्षा देऊन विठ्ठलभाईंनी गोध्रा व बोरसद येथे वकिली सुरू केली. विलायतेला जाण्याची तयारी खरे तर वल्लभभाईंनी केली होती. पैसे साठवून परवाना आणि तिकीटही मागवले होते. पाकिटावर नाव होते ‘व्ही. जे. पटेल’, आणि ते पडले थोरल्याच्या हाती. धाकट्याने आधी जावे हे बरे दिसणार नाही, असे विठ्ठलभाईंनी म्हटले. वल्लभभाईंनी कागदपत्रे मुकाट्याने त्यांना दिली, वर खर्चही उचलला. त्याच कागदांवर विठ्ठलभाई १९०५ साली बोटीत बसले आणि १९०८मध्ये बॅरिस्टर झाले. (आद्याक्षरांचा हा घोळ अजून मिटलेला नाही. गिरगावातला व्ही. पी. रोड विठ्ठलभाईंच्या नावाचा आणि जवळचाच एस. व्ही. पी. रोड सरदारांच्या. नवखा माणूस हमखास चुकतो.)

मुंबईत वकिली करत असताना १९१०मध्ये पत्नी दिवाळीबेन वारल्या. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही आणि हळूहळू सगळा वेळ सार्वजनिक कामाला दिला. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या कायदेकौन्सिलात प्रश्न, ठराव आणि दुरुस्त्या मांडून सरकारी सभासदांना बेजार करणारे म्हणून त्यांचे नाव झाले.

त्यांचे सर्वांत टिकाऊ काम इथलेच आहे. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे गोपाळ कृष्ण गोखल्यांचे विधेयक मार्च १९१२मध्ये कलकत्त्यात मध्यवर्ती कौन्सिलात १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले होते. संस्थानांचे चित्र वेगळे होते : बडोद्यात सयाजीरावांनी १९०६मध्ये आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७मध्ये सक्तीचे पाऊल उचलले होते. ब्रिटिश मुलखात मात्र असा कायदा नव्हता. विठ्ठलभाईंनी मागणी लहान केली. साऱ्या देशासाठी नव्हे, फक्त आपल्या इलाख्यासाठी. आणि तिथेही सक्ती करायची की नाही हे नगरपालिकेने ठराव करून ठरवायचे. मुंबई शहर वगळलेले होते. सरकारला नकार द्यायला फारशी जागाच उरली नाही. १९१८च्या आरंभी कायदा झाला. ब्रिटिश हिंदुस्थानातला या प्रकारचा हा पहिलाच. ऐच्छिकपणा ही त्याची युक्ती होती आणि दुबळेपणाही, कारण शाळेसाठी कर वाढवायला फार थोड्या नगरपालिका तयार झाल्या. त्याच वर्षी दिल्लीच्या कौन्सिलात त्यांनी हिंदूंमधील आंतरजातीय विवाह कायदेशीर ठरवणारे विधेयक आणले. सनातन्यांनी गदारोळ केला आणि ते बारगळले.

गांधीजींचा कौन्सिल-बहिष्कार त्यांना मनापासून कधीच पटला नाही. चित्तरंजन दास व मोतीलाल नेहरू यांच्यासह ते १९२३मध्ये कौन्सिलांत शिरून आतून सरकारची अडवणूक करू पाहणाऱ्या स्वराज्य पक्षात उतरले, महाराष्ट्रातून न. चिं. केळकर आणि मु. रा. जयकरही त्यात होते. मध्यंतरी मुंबई महापालिकेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. ऑगस्ट १९२५मध्ये ते ५८ विरुद्ध ५६ मतांनी मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष झाले आणि १९२७मध्ये बिनविरोध.

अडवणूक करायला आत शिरलेला माणूस आता नियमांचा राखणदार होता, आणि सरकारला हे जास्तच जड गेले. सप्टेंबर १९२८मध्ये परदेशी कम्युनिस्टांना हद्दपार करण्याचा अधिकार सरकारला देणाऱ्या सार्वजनिक सुरक्षा विधेयकावर मते ६१–६१ अशी पडली. असा असाधारण कायदा हवा असेल तर सभागृहात बहुमत मिळवावे, अध्यक्षाच्या मतावर विसंबू नये, असे सांगून त्यांनी निर्णायक मत विरोधात टाकले. विधेयक पुन्हा आले, तोवर कम्युनिस्ट व कामगार पुढाऱ्यांवरील मेरठ खटल्याची धरपकड झाली होती. न्यायप्रविष्ट बाबीला हात न लावता यावर चर्चाच होऊ शकत नाही, हा त्यांचा मुद्दा अस्सल वकिली होता. ८ एप्रिल १९२९ रोजी ते यावर निर्णय द्यायला उठले आणि गॅलरीतून भगतसिंग व बटुकेश्वर दत्त यांनी बॉम्ब टाकले. तीन दिवसांनी तोच निर्णय त्यांनी जसाच्या तसा दिला : विधेयक नियमबाह्य. व्हाइसरॉय आयर्विन यांना अखेर वटहुकूम काढावा लागला. सभागृहासाठी सरकारपासून वेगळे सचिवालयही त्यांनी त्याच वर्षी जानेवारीत मिळवले. आजच्या लोकसभा सचिवालयाचे मूळ तेच.

मिठाच्या सत्याग्रहाच्या धामधुमीत एप्रिल १९३०मध्ये त्यांनी राजीनामा दिला. तुरुंगात प्रकृती ढासळली. उपचारासाठी युरोपात गेल्यावर व्हिएन्नात सुभाषचंद्र बोस यांची सोबत मिळाली. मे १९३३मध्ये दोघांनी गांधीजींच्या नेतृत्वावर टीका करणारे संयुक्त पत्रक काढले. जिनीव्हाजवळ विठ्ठलभाईंचे निधन झाले आणि नोव्हेंबरमध्ये मुंबईत अंत्यसंस्कार.

मृत्युपत्रात उरलेल्या मालमत्तेचा मोठा हिस्सा त्यांनी बोस यांच्या हाती ठेवला होता : हिंदुस्थानच्या राजकीय उन्नतीसाठी, शक्यतो परदेशातील प्रचारासाठी. वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. ‘राजकीय उन्नती’ ही शब्दयोजना कायद्याच्या दृष्टीने फार मोघम आहे, म्हणून १९३९मध्ये न्यायालयाने विठ्ठलभाईंची ती तरतूद रद्दबातल ठरवली.