आनुवंशिकीतील रूपके

आनुवंशिकीतील रूपके : आनुवंशिकतेची द्रव्ये व प्रक्रिया यांविषयी बोलताना लेखन, तारायंत्र, सांकेतिक लिपी, अभियांत्रिकी इ. क्षेत्रांतून उचललेले शब्दप्रयोग. संकेत, संदेशवाहक, प्रतिलेखन, संपादन, आराखडा, जीवनग्रंथ ही त्यांतील परिचित रूपे. यांपैकी बरेच शब्द आता पारिभाषिक झाले असून ते मुळात रूपक होते, हे वापरणाऱ्याच्या ध्यानीही येत नाही. ही केवळ समजावून सांगण्याची सोय होती असे मात्र म्हणता येत नाही. १९५० नंतरच्या दशकात कोणते गणित मांडायचे आणि कोणता प्रश्न आधी सोडवायचा, हे बऱ्याच अंशी या शब्दांनीच ठरवले.

उगम : ‘संकेत’ (कोड) या रूपकाच्या उगमाविषयी एकमत नाही. स्विस रसायनशास्त्रज्ञ फ्रीड्रिख मीशर यांनी १८९२ मधील एका पत्रात मोजक्या मुळाक्षरांतून सर्व भाषांचे शब्द बनतात, या गोष्टीचा दाखला दिला होता. त्यामुळे काही लेखक उगम तेथवर मागे नेतात. तथापि मीशर यांच्या डोळ्यांसमोर प्रथिनासारखे रेणू होते, न्यूक्लिइक अम्ल (डीएनए व आरएनए ज्या वर्गात येतात तो रेणुवर्ग) नव्हे. शिवाय त्या पत्रापासून पुढच्या संशोधनापर्यंत सलग परंपरा दाखवता येत नाही.

अधिक प्रचलित मत भौतिकीविज्ञ एर्व्हिन श्रोडिंगर यांच्या बाजूचे आहे. फेब्रुवारी १९४३ मध्ये डब्लिन येथे दिलेल्या आणि १९४४ मध्ये व्हॉट इज लाइफ? या नावाने ग्रंथरूप झालेल्या व्याख्यानांत त्यांनी गुणसूत्रांत जीवाच्या भावी वाढीची ‘संकेत-संहिता’ असते असे म्हटले. मॉर्स लिपीतील बिंदू आणि रेघ ही दोनच चिन्हे चारपर्यंतच्या गटांत मांडली, तर ३० वेगवेगळ्या खुणा मिळतात (२ + ४ + ८ + १६), हे उदाहरणही त्यांचेच. मात्र त्यांच्या मते गुणसूत्रे ही कायद्याची संहिता होती आणि तो अंमलात आणणारी सत्ताही, वास्तुविशारदाचा नकाशा होती आणि गवंड्याचे कसबही. पुढे संकेत आणि तो ‘वाचणारी’ पेशीतील यंत्रणा वेगळ्या मानल्या गेल्या, तो अर्थ येथे नाही.

तिसरे मत विज्ञानेतिहासकार लिली के यांचे. माहितीशास्त्र, सायबरनेटिक्स (नियंत्रण व संदेशवहनाचे शास्त्र) आणि शीतयुद्धकालीन गुप्तलेखनविद्या यांच्या वातावरणातून हे रूपक जीवशास्त्रात आले, असे त्या मांडतात. काटेकोर अर्थाने हा ‘संकेत’ नाहीच, असाही त्यांचा आक्षेप आहे. वातावरणाचा प्रभाव नाकारण्याचे कारण नाही. तरी उपलब्ध कागदपत्रांवरून शब्दाचा प्रसार अधिक साधेपणाने झालेला दिसतो. जेम्स वॉटसन यांच्यासह डीएनए या आनुवंशिक द्रव्याची रचना मांडणारे फ्रान्सिस क्रिक यांनी १९ मार्च १९५३ रोजी आपल्या १२ वर्षांच्या मुलाला लिहिलेल्या पत्रात डीएनए हा एक संकेत आहे असे आम्हाला वाटते, असे लिहिले. ३० मे १९५३ च्या नेचरमधील वॉटसन-क्रिक यांच्या दुसऱ्या लेखात क्षारकांचा (डीएनएच्या साखळीतील चार प्रकारच्या रासायनिक घटकांचा) नेमका क्रम हाच आनुवंशिक माहिती वाहणारा संकेत असावा, असे विधान आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये श्रोडिंगर यांना लिहिताना क्रिक यांनी दाद दिली ती ‘अनावर्ती स्फटिक’ (ज्याची रचना एकाच नमुन्याने पुनःपुन्हा येत नाही असा स्फटिक) या त्यांच्या संज्ञेला. नेमके पाहता हा ‘संकेत’ नसून अक्षराला अक्षर देणारी सांकेतिक लिपी ठरते, हे क्रिक यांनी पुढे स्वतःच मान्य केले.

रूपकाचे कार्य : चार क्षारकांच्या क्रमातून प्रथिनांचे घटक असलेली वीस अमिनो अम्ले कशी ठरतात, हा रसायनाचा प्रश्न सांकेतिक लिपी उलगडण्याचा प्रश्न म्हणून पुढे आला. भौतिकीविज्ञ जॉर्ज गॅमॉव्ह यांनी १९५४ मध्ये डीएनएच्या दुहेरी सर्पिलातील समभुज चौकोनी पोकळ्यांचे बरोबर २० प्रकार मोजून दाखवले. ही योजना टिकली नाही. क्रिक, जॉन ग्रिफिथ आणि लेस्ली ऑर्गेल यांची १९५७ ची ‘स्वल्पविरामरहित’ संकेताची कल्पना अधिक देखणी होती. शब्दांमध्ये विरामचिन्हे नसतील तर वाचन भलत्या अक्षरापासून सुरू होता कामा नये. म्हणून एकाच अक्षराची चार त्रिके (त्रिक म्हणजे तीन क्षारकांचा ‘शब्द’) वगळायची, उरलेल्या ६० त्रिकांचे अक्षरे फिरवून तीन-तीनचे गट करायचे आणि प्रत्येक गटातून एकच अर्थपूर्ण धरायचे. उत्तर येते २०.

निसर्गाने हा मार्ग घेतलेला नव्हता. मे १९६१ मध्ये मार्शल नीरेनबर्ग आणि हाइन्रिख मथाय यांनी केवळ युरासिल हा क्षारक असलेला कृत्रिम आरएनए पेशीविरहित अर्कात घातला आणि फेनिलॲलनीन या अमिनो अम्लाची साखळी मिळवली. जे त्रिक (यूयूयू) या योजनेत निरर्थक ठरले होते, तेच सर्वांत आधी उलगडले. ६४ त्रिकांचा तक्ता १९६६ पर्यंत पूर्ण झाला, तो गणिती डावपेचांनी नव्हे, तर नीरेनबर्ग, हरगोविंद खुराना आदींच्या परीक्षानळीतील कामामुळे. त्यांत ६१ त्रिके अमिनो अम्लांची आणि तीन ‘थांबा’ सांगणारी आहेत.

आराखडा व पाककृती : आराखड्यावरून घर ओळखता येते आणि घरावरून आराखडा पुन्हा काढता येतो, जनुकसंच आणि शरीर यांत असा भागास भाग संबंध नाही. म्हणून काही जीवशास्त्रज्ञ पाककृतीची उपमा पसंत करतात. तीत साहित्य, आच आणि वेळ यांनाही जागा मिळते, आणि ती अधिक योग्य दिसते. आराखडा म्हटल्याने लोक जनुकांना अटळ नियती समजतात, हा आरोप मात्र सरसकट खरा नाही. संवादशास्त्राच्या अभ्यासक सिलेस्ट काँडिट यांच्या अमेरिकेतील १९९९ च्या अभ्यासात सामान्य लोकांनी हा शब्द नियतिवादी अर्थानेच घेतला असे आढळले नाही.

‘अडगळ डीएनए’ (काही कार्य नसलेला मानला गेलेला डीएनए) या सुसुमु ओनो यांनी १९७२ मध्ये रूढ केलेल्या शब्दावरील वाद २०१२ मधील, जनुकसंचातील कार्यशील भाग शोधणाऱ्या ‘एनकोड’ प्रकल्पाच्या निष्कर्षांनंतर पुन्हा पेटला. मानवी जनुकसंचाचा ८० टक्के भाग कार्यशील असल्याचा तो दावा ‘कार्य’ या शब्दाच्या फार सैल व्याख्येवर उभा होता, ही टीका ग्राह्य वाटते.

भारतीय संदर्भ : मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायातील बीज आणि क्षेत्र यांची चर्चा हे वारशाविषयीचे जुने रूपक होय, त्यात स्त्रीला क्षेत्र मानून बीजाला दिलेले वरचढ स्थान आधुनिक आनुवंशिकीशी जुळत नाही. ‘खाण तशी माती’ ही म्हण मराठीत सर्वपरिचित आहे. अलीकडे एखाद्या संस्थेचा वा पक्षाचा स्वभाव सांगण्यासाठी ‘डीएनए’ हा शब्द सर्रास वापरला जातो. २०१५ च्या बिहार विधानसभा निवडणुकीच्या प्रचारात या अर्थाच्या टीकेला उत्तर म्हणून संयुक्त जनता दलाने कार्यकर्त्यांकडून केस व नखांचे नमुने गोळा करण्याची मोहीम काढली होती.