लहान मुद्रणालयांच्या सायबर जोखमीची तुलना

छपाईचा व्यवसाय करणाऱ्या लहान उद्योगाला संगणक, नेटवर्क आणि फायलींच्या देवाणघेवाणीतून कोणते नुकसान पोहोचू शकते, ते पोहोचण्याचा संभव किती आणि त्यातून सावरायला किती वेळ लागेल, हे ठरावीक निकषांवर जोखून एका मुद्रणालयाची दुसऱ्याशी तुलना करण्याची पद्धत. अशी तुलना काम देणाऱ्या बँका, औषध कंपन्या आणि प्रकाशक करतात, विमा कंपन्या हप्ता ठरवताना करतात आणि क्वचित मुद्रक स्वतःही करतात. उलाढाल, कामगार आणि संगणकांची संख्या हा तिचा नेहमीचा आधार असतो. छपाईच्या बाबतीत तो अपुरा पडतो, कारण मुद्रणालयाची जोखीम त्याच्या आकारावरून थोडी आणि त्याच्याकडे आलेल्या कामाच्या स्वरूपावरून फार मोठ्या प्रमाणात ठरते.

मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर पंचांग छापले आणि १८६९ मध्ये जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना उभा राहिला. गिरगाव, काळबादेवी आणि फोर्ट या भागांत रुजलेला हा व्यवसाय पुढे लोअर परळ, वडाळा, अंधेरी, गोरेगाव आणि विक्रोळी येथील औद्योगिक वसाहतींच्या गाळ्यांत पसरला आणि जागांचे भाव वाढत गेले तसा वसई, भिवंडी व तुर्भ्याकडे सरकला. १ एप्रिल २०२५ पासून लागू असलेल्या व्याख्येनुसार यंत्रसामग्रीतील गुंतवणूक २.५ कोटी रुपयांपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर उद्योग सूक्ष्म, तर गुंतवणूक २५ कोटींपर्यंत व उलाढाल १०० कोटींपर्यंत असेल तर तो लघु मानला जातो. व्हिजिटिंग कार्डे छापणारे डीटीपीचे दुकान आणि पाच-सहा रंगांच्या ऑफसेट मशीनवर औषधांची खोकी छापणारा कारखाना हे दोन्ही त्यामुळे ‘लहान’ या एकाच शब्दात बसतात. तुलनेतील पहिली अडचण तीच आहे.

फायलीचा प्रवास

टंकजुळणीच्या काळात गोपनीय कामाची राखण खोलीला कुलूप लावून करता येत असे. खिळे, फर्मा आणि प्रुफे डोळ्यांसमोर असत. आता काम फायलीच्या रूपाने येते आणि ती फाईल किती हातांतून व किती यंत्रांतून जाते, हे मालकालाही बहुधा नेमके सांगता येत नाही. औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या ऑफसेटवाल्याकडचे नेहमीचे काम पाहिले तर हे स्पष्ट होते. पार्टी, म्हणजे काम देणारा ग्राहक, पीडीएफ किंवा कोरलची (मांडणीच्या सॉफ्टवेअरची) फाईल मालकाच्या व्हॉट्सॲपवर पाठवते. मोठी असेल तर डाउनलोडची लिंक ईमेलने येते. मालक ती ऑपरेटरकडे पाठवतो, ऑपरेटर ती डेस्कटॉपवरच उतरवून घेतो, दुरुस्त्या करून प्रूफ परत व्हॉट्सॲपवर टाकतो आणि होकार आला की फाईल पेनड्राइव्हवर घेऊन एखादा पोऱ्या सीटीपीवाल्याकडे (संगणकावरून थेट छपाईची प्लेट काढून देणाऱ्याकडे) जातो, कारण प्लेट बाहेरून काढून आणायची असते. त्या सीटीपीवाल्याच्या संगणकाला दिवसभरात अनेक छापखान्यांचे पेनड्राइव्ह लागतात. छपाईनंतर लॅमिनेशन, पंचिंग आणि बाइंडिंग ही कामेही जॉबवर्कने बाहेर होतात. एका मुद्रणालयाची जोखीम मोजताना ही सगळी साखळी मोजावी लागते. सीटीपीवाल्याच्या यंत्रात शिरलेला व्हायरस दुपारपर्यंत आसपासच्या अनेक गाळ्यांत पोहोचू शकतो.

या साखळीत मराठी छपाईची स्वतःची एक अडचण आहे. श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टप्रणालींत केलेली वर्षानुवर्षांची कामे उघडायची तर जुने सॉफ्टवेअर लागते, त्या सॉफ्टवेअरला यूएसबीत बसणारे हार्डवेअर लॉक लागते आणि ते लॉक चालण्यासाठी जुनी विंडोज ठेवावी लागते. जुन्या रिपचे (फाईलचे छपाईच्या ठिपक्यांत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरचे) आणि सीटीपीच्या ड्रायव्हरचेही असेच असते. विंडोज ७ ला सुरक्षा-सुधारणा मिळणे १४ जानेवारी २०२० रोजी थांबले आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. मशीन चालू आहे, काम निघते आहे, तर बदलायचे कशाला, हा मुद्रकाचा प्रश्न पैशाच्या हिशेबाने रास्त आहे. पण असा संगणक इंटरनेटला जोडलेला आहे की नाही, एवढ्या एका गोष्टीने दोन सारख्या दिसणाऱ्या छापखान्यांच्या जोखमीत मोठा फरक पडतो. जुने यंत्र जाळ्यापासून तोडून फक्त ठरावीक पेनड्राइव्हने, आधी तपासूनच वापरणारा मुद्रक हा नवा संगणक घेऊन त्यावर चोरीचे सॉफ्टवेअर चालवणाऱ्या मुद्रकापेक्षा सुरक्षित असू शकतो. क्रॅक करून मिळवलेल्या प्रतींबरोबर घातक प्रोग्रॅम येणे ही नेहमीची बाब आहे आणि त्या चालवण्यासाठी बहुधा अँटिव्हायरस बंदच करावा लागतो.

प्रिंटर आणि त्याचे नियंत्रण करणारी यंत्रणा हेही संगणकच आहेत, याचा अनेकांना विसर पडतो. डिजिटल प्रेसच्या कंट्रोलरचा पासवर्ड मशीन बसवताना असलेला तोच पुढे राहतो आणि कंट्रोलरच्या हार्ड डिस्कवर छापलेली कामे साठून राहतात. मशीन जुने झाले की ते विकले जाते किंवा भाडेकराराने घेतलेले परत जाते, तेव्हा डिस्क पुसली गेली की नाही, हा प्रश्न तुलनेच्या तक्त्यात असायलाच हवा. विंडोजमध्ये छपाईची रांग सांभाळणाऱ्या प्रिंट स्पूलर या सेवेत २०२१ साली सापडलेली आणि ‘प्रिंटनाइटमेअर’ या नावाने गाजलेली त्रुटी छापखान्यांना विशेष जाचक होती, कारण स्पूलर बंद ठेवणे हा तात्पुरता उपाय इतर कार्यालयांना परवडत होता. छापखान्याला तो परवडण्यासारखा नव्हता.

दोन गाळ्यांची तुलना

उदाहरणादाखल दोन काल्पनिक छापखाने घेऊ. पहिला गिरगावातला, पाच-सहा माणसांचा. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि जून-जुलैत आसपासच्या शाळांची ओळखपत्रे हे त्याचे काम. दुसरा वसईचा, साठ माणसांचा. औषध कंपन्यांसाठी मोनोकार्टन (पुठ्ठ्याची खोकी) छापणारा. संगणक, उलाढाल किंवा नेटवर्कचा पसारा पाहिला तर दुसरा निःसंशय अधिक जोखमीचा ठरतो.

आता पहिल्याच्या डेस्कटॉपवरचे फोल्डर उघडून पाहावे. शाळेच्या नावाचे एक फोल्डर, त्यात इयत्ता व तुकडीनुसार मुलांचे फोटो आणि सोबत एक एक्सेल फाईल, जिच्या रकान्यांत मुलाचे नाव, जन्मतारीख, रक्तगट, घरचा पत्ता आणि पालकांचा मोबाइल क्रमांक असतो. मागच्या वर्षीचे फोल्डरही तिथेच असते, कारण पुढच्या वर्षी दुरुस्त्या सोप्या जाव्यात. अनेक शाळांचे असे फोल्डर एकाच संगणकावर असतील, तर शेकडो कुटुंबांची माहिती त्या गाळ्यात आहे आणि तिला एकही पासवर्ड नाही. हा संगणक बिघडला तर मालकाचे नुकसान थोडे, पण त्यातली माहिती बाहेर गेली तर ती परत घेता येत नाही, आणि हानी होते ती ज्यांनी या छापखान्याचे नावही ऐकलेले नाही अशांची.

वसईच्या कारखान्याची जोखीम वेगळ्या जातीची आहे. त्याच्याकडे व्यक्तींची माहिती जवळपास नसते. मजकुराची अचूकता ही त्याच्या दृष्टीने सर्वांत नाजूक बाब असते. खोक्यावरच्या मात्रेतील दशांशचिन्ह हलले, तर सगळा लॉट बाद होतो आणि पार्टी जाते. १ ऑगस्ट २०२३ पासून देशातील ३०० औषध-ब्रँडांवर बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक झाल्यापासून अशा कारखान्यांत बॅचनुसार बदलणारी माहितीही हाताळली जाऊ शकते. मंजूर झालेली फाईल आणि प्लेटवर गेलेली फाईल एकच आहे, हे सिद्ध करता येणे हा येथील मुख्य निकष होय. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये मजकूर नेताना जोडाक्षरे तुटतात. ती चूक आणि मुद्दाम केलेला बदल यांत फरक करायचा तरी मंजूर फाईल कुलूपबंद ठेवलेली असावी लागते.

निवडणुकीच्या पत्रकांना हाच निकष लागू पडतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२७-क नुसार अशा पत्रकावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव-पत्ता असणे सक्तीचे आहे. काम देणाऱ्या ग्राहकाच्या नावाने आलेल्या बनावट ईमेलमधील बदललेली फाईल छापली गेली, तर कागदावर नाव मुद्रकाचेच असते.

गुणांकनाची पद्धत आणि तिचा दोष

घटनेच्या संभवाला १ ते ५ गुण, परिणामाला १ ते ५ गुण आणि दोहोंचा गुणाकार, ही पद्धत सर्वाधिक वापरात आहे. ती समजायला सोपी आहे, पण लहान उद्योगासाठी तिच्यात एक गंभीर दोष आहे. महिन्याआड येणारा आणि तासाभरात साफ होणारा पेनड्राइव्हचा व्हायरस ५ गुणिले १ असे ५ गुण मिळवतो. दहा वर्षांत एकदाच येणारा, पण सर्व जुनी कामे कायमची नष्ट करणारा खंडणीखोर प्रोग्रॅमचा (फायली अडवून पैसे मागणाऱ्या रॅन्समवेअरचा) हल्ला १ गुणिले ५ असे तेवढेच गुण मिळवतो. मोठी कंपनी दुसऱ्या प्रकारातूनही उठते. महिन्याच्या वसुलीवर कागदवाल्याचे बिल आणि कामगारांचे पगार भागवणारे मुद्रणालय बहुधा उठत नाही. म्हणून लहान मुद्रणालयांची तुलना करताना परिणामाला अधिक भार द्यावा आणि धंदा बंद पडू शकेल अशी प्रत्येक शक्यता गुणांत न मिसळता वेगळी नोंदवावी, हे योग्य.

परिणाम वेळेवरही अवलंबून असतो आणि ठोकळेबाज तक्त्यात हे येत नाही. दिवाळी अंक छापणाऱ्या मुद्रणालयात फेब्रुवारीत तीन दिवस संगणक बंद राहिले तर कामे मागे पडतात. तेच तीन दिवस दिवाळीच्या तोंडावर गेले तर अंक बाजारात वेळेवर पोहोचत नाहीत आणि उशिरा आलेल्या अंकाला गिऱ्हाईक नसते. शालेय छपाईसाठी जून आणि गणेश मंडळांच्या अहवालांसाठी श्रावण हे असेच नाजूक काळ आहेत.

बॅकअपची तपासणी करताना मुंबईत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी, हा सर्वमान्य नियम आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तळमजल्याच्या गाळ्यात संगणक आणि त्याला सतत जोडलेली बॅकअपची डिस्क शेजारी शेजारी असतील, तर असे पाणी असो वा खंडणीखोर प्रोग्रॅम, दोन्ही प्रती एकाच वेळी जातात. जोडलेली डिस्क हा बॅकअप धरू नये.

घडलेल्या घटना

‘आपल्यासारख्या छोट्याला कोण कशाला लक्ष्य करेल’ हा समज घटनांनी खोटा ठरवला आहे. मे २०१७ मधील वॉनाक्राय आणि त्याच वर्षी जूनमधील नॉटपेट्या या घातक प्रोग्रॅमांनी वाटेत येणारी, सुधारणा न केलेली यंत्रे सरसकट गाठली. नॉटपेट्यामुळे न्हावा शेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेतील ट्रिब्यून पब्लिशिंगच्या यंत्रणेत शिरलेल्या घातक प्रोग्रॅममुळे अनेक वृत्तपत्रांची छपाई व वितरण लांबले. तुलनेच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण सिंगापूरचे आहे: एप्रिल २०२५ मध्ये टोप्पान नेक्स्ट टेक या छपाई-पुरवठादारावर खंडणीखोर हल्ला झाला आणि डीबीएस बँकेच्या सुमारे ८,२०० ग्राहकांची पत्रके धोक्यात आली, तरी बँकेच्या स्वतःच्या यंत्रणेला धक्का लागला नव्हता.

मुंबईच्या छोट्या मुद्रकाच्या वाट्याला मात्र बहुधा याहून साधी फसवणूक येते. कागद-व्यापाऱ्याच्या नावाने ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असा ईमेल येतो आणि बिलाची रक्कम भलत्याच खात्यात जाते. फोन करून खातरजमा करण्याचा साधा रिवाज असणे वा नसणे हा निकष म्हणूनच कोणत्याही फायरवॉलइतका महत्त्वाचा आहे. पैसे गेल्यास सायबर फसवणुकीच्या १९३० या मदतक्रमांकावर लगेच कळवणे आवश्यक असते. रक्कम पुढे फिरवली जाण्याआधी कळले तर ती गोठवता येण्याची शक्यता असते.

कायदेशीर बाजू

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या आदेशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात. लघुउद्योगांना हे आदेश २५ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाले. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये सुरक्षेची मुख्य जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्यावर, म्हणजे वरील उदाहरणात शाळेवर आहे आणि तिच्या वतीने काम करणाऱ्या छापखान्याकडे असलेली माहितीही त्या जबाबदारीत येते. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. त्यामुळे आजवर तोंडी चालणारी अनेक कामे लेखी करारावर येतील आणि काम झाल्यावर फाईल पुसल्याची नोंद मागितली जाईल.

प्रश्नावली आणि प्रत्यक्ष पाहणी

मोठे ग्राहक बहुधा इंग्रजीतील लांबलचक प्रश्नावली पाठवून तुलना करतात. तिच्यात ‘धोरण आहे का’ असे प्रश्न असतात आणि ‘हो’ला गुण मिळतात, त्यामुळे इंटरनेटवरून उतरवलेले धोरण फाईलला लावणारा मुद्रक प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहिणाऱ्याच्या पुढे जातो. गाळ्यात तासभर थांबून केलेली पाहणी याहून बरेच काही सांगते. मागच्या वर्षीचे एक काम बॅकअपमधून उघडून दाखवण्यास सांगावे आणि त्याला लागलेला वेळ नोंदवावा. ऑपरेटर सोडून गेल्यावर ईमेलचा पासवर्ड बदलला होता का, हे विचारावे. मशीनजवळ पडलेले मेकरेडीचे, म्हणजे छपाई जुळवताना वाया गेलेले, कागद पाहावेत, कारण नावे-पत्ते छापलेले हे कागद रद्दीत जात असतील तर संगणकाला लावलेल्या पासवर्डचा उपयोग मर्यादितच राहतो.

अशी पाहणी एका विशिष्ट कामाच्या प्रकारापुरतीच खरी असते. लग्नपत्रिका छापणाऱ्याने बँकेची पत्रके, शाळेची ओळखपत्रे किंवा प्रश्नपत्रिका यांचे पहिले काम घेतले, की यंत्रे आणि माणसे तीच असली तरी त्याचे तुलनेतील स्थान बदलते आणि मूल्यमापन नव्याने करावे लागते.