सोप्यातली जावा: जुन्या गाडीचं मोल कशावरून ठरतं?

गेल्या उन्हाळ्यात राधानगरी रस्त्यावरच्या एका गावात जुनी जावा मोटरसायकल बघायला गेलो होतो. घराच्या सोप्यात, कडब्याच्या पेंढ्यांना टेकून, पोत्याखाली झाकलेली. मालक काकांनी पोतं ओढलं आणि म्हणाले, "वडलांची हाय. दसऱ्याला पूजा करतो, गावातनं एक फेरी मारतो, परत हितंच." माझ्याबरोबर कोल्हापूरच्या उद्यमनगरातले मिस्त्री होते. त्यांनी रंग बघितला नाही, टाकीवरची चकाकी बघितली नाही. आधी सिलिंडरच्या पात्यांवर तळहात ठेवला. "गार हाय. म्हंजे खरी किक बघाय मिळंल."

जुनी गाडी पारखायची सुरुवात इथून होते. गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवणं ही विक्रीतली जुनी युक्ती. तापलेल्या इंजिनात पेट्रोलची वाफ चटकन होते, पिस्टन फुगून सिलिंडरमधली फट कमी होते आणि झिजलेली गाडीही दुसऱ्या किकेला सुरू होते. गार इंजिन मात्र काही लपवत नाही.

जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. १९२९ साली प्रागमध्ये फ्रांतिशेक यानेचेक यांनी वांडरर या जर्मन कंपनीचा मोटरसायकलचा परवाना घेतला आणि यानेचेक (Janeček) व वांडरर (Wanderer) या दोन नावांची पहिली अक्षरं जोडून 'जावा' (Jawa) झालं. आपल्याकडे ती १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात बनू लागली. सत्तरच्या दशकात नाव बदलून येझदी आलं, आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. इंजिन २५० सीसीचं, एकच सिलिंडर, पण सायलेन्सर दोन. गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला की तोच किक होतो. लहानपणी हे बघताना मला जादू वाटायची, आजही वाटते.

मुद्दा असा की हे इंजिन टू-स्ट्रोक आहे. त्यात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात, आणि पेट्रोल-हवेचं मिश्रण थेट सिलिंडरमध्ये न जाता आधी खाली क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्या दांड्याला फिरवतो त्याच्या, खोलीत येतं. पिस्टन खाली येताना तिथे दाबलं जातं आणि मग बाजूच्या वाटांनी वर चढतं. म्हणजे क्रँकची खोली हा एक पंपच आहे. पंप म्हटला की तो हवाबंद असायलाच पाहिजे. त्याला हवाबंद ठेवतात क्रँकच्या दोन टोकांना बसवलेली दोन रबरी सील, बांगडीएवढीही नसलेली.

या सीलमुळेच मी एकदा फसलो आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी एक जावा घेतली होती. रंग ताजा, क्रोम आरशासारखं, किक एका दमात. पहिल्याच रविवारी जोतिबाचा घाट चढताना थ्रॉटल सोडला तरी इंजिनाचा आवाज उतरेना, उलट वाढतच गेला. दोन वळणांवर मागचं चाक एकदम जाम झालं. पडलो नाही हे नशीब, पण पिस्टन सिलिंडरला चिकटला होता.

झालं काय होतं? सील कडक होऊन त्याची कड क्रँकला धरत नव्हती. तिथून नुसती हवा आत शिरत होती. हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं की इंजिन जास्त तापतं, आणि पेट्रोलबरोबर येणारं ऑइलही तेवढंच कमी पोचतं. त्यात धातूंचं गणित येतं. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. ६५ मिलिमीटर व्यासाचा पिस्टन १०० अंश सेल्सिअसने तापला की साधारण ०.१३ मिलिमीटरने फुगतो, बिडाचा सिलिंडर तेवढ्याच उष्णतेत ०.०७ मिलिमीटरने. मधली फट मुळात मिलिमीटरच्या काही शतांश भागांची. हवेने थंड होणारा सिलिंडर पिस्टनाइतका तापतही नाही. फट संपते, ऑइलचा थर तुटतो, धातू धातूला घासतो आणि चिकटतो.

रबराचं दुखणं असं की ते वापरानेच नाही, नुसतं पडून राहूनही म्हातारं होतं. रबर म्हणजे लांब रेणूंचं जाळं. हवेतला ऑक्सिजन त्या जाळ्यात नको तिथे नव्या गाठी मारतो, मऊपणा देणारी द्रव्यं हळूहळू निघून जातात, आणि लवचिक रबराची कडक वाटी होते. शिवाय सीलची ओठासारखी कड वर्षानुवर्षं एकाच जागी दाबून राहिली की तो आकार पकडून बसते. म्हणून "गाडी कमी फिरलेली आहे" हे वाक्य ऐकून खूश होऊ नये. कमी फिरलेल्या गाडीचा सिलिंडर चांगला असेल, सील मात्र गेलेली धरूनच हिशोब करावा.

थंड देशांत जुन्या स्नोमोबाईल पारखणारे लोकही इथेच येऊन थांबतात. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात वाल्कूर गावी जोसेफ-आर्मां बोम्बार्डिए यांनी १९५९ साली स्की-डू ही बर्फावरची छोटी गाडी बाजारात आणली, आणि त्यानंतरची कितीतरी वर्षं अशा बहुतेक गाड्या टू-स्ट्रोकच असत. वर्षातले सात-आठ महिने ती गाडी शेडमध्ये उभी. त्यामुळे तिथला जाणकारही बाहेरच्या रंगापेक्षा क्रँकची सील, सिलिंडरचा दाब आणि खालच्या रबरी पट्ट्याच्या चिरा बघतो. आपला काळा चिखल आणि त्यांचा पांढरा बर्फ, पण रबराचं रसायन दोन्हीकडे एकच.

मिस्त्रींनी किक हाताने दाबली, पायाने नाही. दाब कुठे लागतो आणि किती वेळ टिकतो ते हाताला कळतं. मग प्लग काढून दाबाचा गेज लावला. इथे कोल्हापूरची एक गंमत आहे. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर राहतो, इथली हवा रत्नागिरीपेक्षा साधारण ६ टक्के विरळ. सिलिंडर जी हवा दाबणार तीच मुळात विरळ, म्हणून तोच गेज, तीच गाडी कोकणात न्या, आकडा थोडा वर जाईल. परदेशी पुस्तिकेतला आकडा घेऊन इथली गाडी नापास करू नये.

गाडी सुरू झाली तेव्हा धूर पांढरट आणि जड होता. टू-स्ट्रोकचा धूर निळसर असतो, त्याचा वास ओळखीचा. हा वेगळा. गिअरबॉक्सचं ऑइल सीलमधून क्रँकच्या खोलीत ओढलं जात होतं. म्हणजे एका बाजूचं सील गेलेलं. मिस्त्रींनी अर्ध्या मिनिटात गाडी बंद केली. "बास. आता हिला अजून फिरवायची न्हाई."

रंग आणि क्रोमबद्दल थोडक्यात सांगतो. टाकीवरून लोहचुंबक फिरवायचं, त्याला पातळ कापड गुंडाळून. जिथे ते ढिलं पडतं तिथे पत्रा नाही, लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली आहे. माझ्या त्या पहिल्या गाडीची टाकी अशीच अर्धी लांबीची निघाली. क्रोमचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो; खरं संरक्षण त्याच्याखालचं निकेल करतं. खड्डे पडलेल्या पत्र्यावर नवं क्रोम चढवलं की चार पावसाळ्यांत गंज पुन्हा वर येतो. मूळचं, थोडं मळलेलं, केसांसारख्या ओरखड्यांचं क्रोम मला नव्यापेक्षा कधीही जास्त मोलाचं वाटतं.

कोल्हापुरात आणखी एक तपासणी चुकवू नये: गाडी पुरात होती का? २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पंचगंगेचं पाणी किती घरांत, किती गॅरेजांत शिरलं ते आपण बघितलंय. धुतलेली गाडी बाहेरून काही सांगत नाही. हेडलाइट उघडून वाटीच्या तळाशी बोट फिरवावं, वायरींच्या काळ्या नळीचं टोक दाबून बघावं. वाळलेला बारीक गाळ बोटाला पिठासारखा लागतो. तोच गाळ क्रँकच्या बेअरिंगमध्ये गेला असेल तर तिथे तो कानशीसारखं काम करतो. आणि ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये बसलेले पोलादी नट बघावेत. गढूळ पाणी हे दोन धातूंमध्ये बॅटरीतल्या द्रवासारखं वागतं, त्यात ॲल्युमिनियम झिजतं आणि नटाभोवती पांढरी भुकटी जमते. काकांच्या गावात पाणी चढलं नव्हतं, नटही स्वच्छ होते.

टाकीचं झाकण उघडून आत बॅटरी मारली. तळाला तांबूस थर. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि त्यातलं काही इथेनॉल आपल्याच भागातल्या उसाच्या मळीचं, रसाचं. उसाला त्यातून भाव मिळतो ही चांगली गोष्ट. पण जावाची टाकी, कॉक आणि त्यातले बूच हे सगळं इथेनॉलचा विचार न करता बनवलेलं. इथेनॉल पाणी ओढून धरतं. पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाला बसतात. कॉक तळालाच. टू-स्ट्रोकमध्ये याचा धोका दुप्पट, कारण मिसळलेलं ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं आणि इंजिनाला तळाचा बिनऑइलचा थर मिळतो. उभ्या गाडीची टाकी रिकामी करूनच ठेवावी.

इंजिन, रंग, टाकी यांचे पैसे किंमतीतून वजा करता येतात. नंबराचं तसं नाही. चेसिसवरचा नंबर, इंजिनावरचा नंबर आणि आरसी बुकातला नंबर जुळला नाही तर माझ्या हिशोबात ती गाडी शून्य, मग ती कितीही देखणी असो. आणि नंबर नुसता वाचायचा नाही, त्याच्या भोवतालचा धातू बघायचा. नंबर ठोकताना फक्त दिसणारा खड्डा पडत नाही. ठोक्याने खाली खोलवर धातूचे स्फटिक चेंगरतात, ताणले जातात. कुणी कानस मारून आकडा पुसला तरी ते चेंगरलेले स्फटिक जागेवरच असतात. पोलिसांच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पोलादी चेसिस घासून गुळगुळीत करतात आणि त्यावर तांब्याचा क्षार व हायड्रोक्लोरिक आम्ल यांचं द्रावण लावतात. चेंगरलेला धातू आणि न चेंगरलेला धातू आम्लाला वेगवेगळा प्रतिसाद देतात, आणि पुसलेला आकडा हळूहळू उमटतो. आपल्याला हे घरी करायचं नाही. पण आकड्यांच्या मागे एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसल्या, किंवा त्या चौकोनापुरताच जाड रंग दिसला, तर हात जोडून परत फिरावं.

काकांच्या जावाचा नंबर एमएच-०९ सुरू होण्याच्या आधीच्या काळातला, तीन अक्षरी मालिकेतला. बुक फाटलेलं, पण जुळणारं. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात सांभाळलेली खासगी गाडी आता व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, आधीचा नंबर ठेवता येतो. रोजच्या कामाला मात्र ती वापरायची नाही. मूळपणाला कायद्याने दिलेली ही किंमत मला फार आवडली.

शेवटी सिलिंडर. काकांना विचारून मिस्त्रींनी हेड उतरवलं. बिडाच्या सिलिंडरची खुबी आपल्याला शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत कुणीही सांगेल: त्यात ग्राफाइटच्या बारीक पाकळ्या असतात, त्या स्वतः वंगण होतात आणि ऑइलही धरून ठेवतात. तरी झीज होतेच, आणि सारखी होत नाही. वर, जिथे रिंग क्षणभर थांबून उलटी फिरते, तिथे ऑइलचा थर सगळ्यात पातळ, म्हणून तिथे जास्त. नख आतून वर सरकवलं की कड लागते. मग सिलिंडर बोअर करून पाव मिलिमीटर मोठा पिस्टन घालायचा. अशा मोजक्याच पायऱ्या मिळतात, नंतर लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आत नवी नळी. किती पायऱ्या उरल्यात हे बघणं म्हणजे इंजिनाचं शिल्लक आयुष्य मोजणं.

पिस्टनवर काजळीचा जाड थर होता. मिस्त्रींनी पेट्रोलचं फडकं काकांच्या हातात दिलं. काकांनी पुसलं आणि माथ्यावर कोरलेलं माप दिसलं: ६५.२५.

"एकदा बोअर झालाय," मिस्त्री म्हणाले.

काका वाकून बघत राहिले. "व्हय. मी चौथीत हुतो. वडलांबरोबर उद्यमनगरात दिसभर बसलो हुतो. लेथच्या बाजूला. येताना त्यांनी भेळ घेऊन दिल्ती."

एक पायरी गेलेली, उरलेल्या शिल्लक. दोन सील, कॉक, टाकीची आतून सफाई, असं वजा करत मिस्त्रींनी आकडा सांगितला. काकांनी घरात जाऊन बायकोला विचारलं आणि हो म्हणाले. इसार दिला. सील बदलल्याशिवाय किक मारायची नव्हती, म्हणून गाडी टेम्पोतून आणली.